ॲलर्जी: नाही तिथे दिसते, आहे तिथे लपते

मागच्या पावसाळ्यात एक जोडपे चार वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. आईच्या हातात एका लॅबचा रंगीत, जाडजूड अहवाल होता. त्यात चौदा पदार्थांपुढे लाल अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ असे छापले होते. दूध, अंडे, गहू, केळे, शेंगदाणा, वांगे, टोमॅटो... यादी संपत नव्हती. आई म्हणाली, “डॉक्टर, हिला सगळ्याचीच ॲलर्जी आहे. आठ महिने झाले, यातले काहीच देत नाही आम्ही.”

मुलीचे वजन केले. वर्षभरात ते जेमतेम दोनशे ग्रॅमनी वाढले होते. या वयात वर्षाला साधारण दोन किलो वाढायला हवे.

“तपासणी कशासाठी केली होती?” मी विचारले.

“रात्री खोकते म्हणून.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. पहाटे खोकला, सकाळी उठल्याबरोबर शिंका, पळापळ केली की धाप. छाती तपासली तर शिट्टीसारखा आवाज. आधीच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता. तो घरी होता, पण खोक्यातून बाहेर काढलेलाच नव्हता. “एवढ्याशा पोरीला पंप कसा द्यायचा? सवय लागते ना त्याची!” हे आजीचे म्हणणे.

म्हणजे पाहा, जी ॲलर्जी बहुधा नव्हतीच तिच्यासाठी त्या पोरीचे अर्धे ताट काढून घेतले होते, आणि जी खरोखर होती तिचे औषध कपाटात पडून होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा एकटा-दुकटा प्रसंग नाही. माझे स्पष्ट मत असे की आपल्याकडे ‘ॲलर्जी’ हा शब्द नको तिथे फार वापरला जातो आणि हवा तिथे टाळला जातो. दोन्ही चुकांची किंमत मोजावी लागते. आज त्याबद्दल थोडे सविस्तर.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तयार केला. ग्रीक भाषेतल्या ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून. एखाद्या पदार्थाशी एकदा संपर्क आला की पुढच्या वेळी शरीर त्याला वेगळ्याच पद्धतीने उत्तर देते, हे त्यांना सांगायचे होते.

आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. चोराला अडवणे हे त्याचे काम. पण एखादा वॉचमन दूधवाल्यालाच चोर समजतो. पहिल्या दिवशी तो काही बोलत नाही, फक्त वहीत नोंद करून ठेवतो. दुसऱ्यांदा दूधवाला आला की मात्र शिट्ट्या मारून सगळी सोसायटी गोळा करतो. दूधवाला निरुपद्रवीच असतो. सगळा त्रास होतो तो या गोंधळाचा.

वहीतली ही नोंद म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडे. १९६० च्या दशकात अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी, ती शोधून काढली. ही प्रतिपिंडे नाक, श्वासनलिका, कातडी आणि आतडे यांतल्या ‘मास्ट’ पेशींवर चिकटून बसतात. तो पदार्थ पुन्हा आला की या पेशी फुटतात आणि हिस्टामिनसारखी रसायने बाहेर पडतात. नाकात हे घडले तर शिंका आणि पाणी, छातीत घडले तर धाप, कातडीवर घडले तर गांधी.

दुसरा प्रकार उशिरा उठणारा. त्यात आयजीई नसते, पांढऱ्या पेशी थेट काम करतात आणि त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो. टिकलीच्या जागी येणारी खाज, खोट्या दागिन्यांनी कानाला येणारे पुरळ, केसांच्या काळ्या रंगाने सुजणारे कपाळ ही याची रोजची उदाहरणे.

ही व्याख्या एवढ्यासाठी सांगितली की ज्यात प्रतिकारशक्तीचा असा गोंधळ नाही, ती ॲलर्जी नाही.

किती जणांना असते?

भरपूर जणांना. जगभरात प्रौढांपैकी साधारण १० ते ३० टक्के लोकांना नाकाची ॲलर्जी असते. भारतातही २० ते ३० टक्के लोकांना कोणती ना कोणती ॲलर्जी असावी, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे चार-पाच माणसांच्या घरात एकाला तरी, असे धरून चालायला हरकत नाही.

पण ही बहुतेक ॲलर्जी नाकाची, छातीची आणि कातडीची असते. खाण्याची नव्हे. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की २६ टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडली. पण तो पदार्थ खाऊन खरोखर त्रास होत असावा, असे लोक फक्त १.२ टक्के निघाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पुन्हा वाचा. रक्तात नोंद असलेले वीस लोक घेतले, तर खरा त्रास होणारा त्यात जेमतेम एखादा. त्या चार वर्षांच्या मुलीच्या लाल अक्षरांचे कोडे इथेच सुटते. वहीत नाव आहे म्हणजे वॉचमन शिट्टी मारेलच असे नाही. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून योग्य क्रम असा: आधी रुग्णाची हकिकत, मग त्या हकिकतीवरून ठरावीक संशयितांचीच तपासणी. कोळंबी खाल्ल्यावर अर्ध्या तासात ओठ सुजले तर कोळंबीची तपासणी करायची. रात्रीच्या खोकल्यासाठी शंभर पदार्थांचे पॅनेल करणे म्हणजे चोरी झाली म्हणून सगळ्या गल्लीला पोलिसात बसवण्यासारखे. अन्नाविरुद्धची आयजीजी मोजणाऱ्या तपासण्याही हल्ली विकल्या जातात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात एवढीच खूण. तिच्यावरून ॲलर्जी ठरवता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नसताना अशी पॅनेल विकणे बंद व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

जी ॲलर्जी नसतेच

दूध प्यायल्यावर पोट फुगते, जुलाब होतात. हे बहुधा दुधातली साखर पचवणारे विकर कमी असल्यामुळे. अशा माणसाला दही, ताक बऱ्याचदा चालते. दुधाची खरी ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनाविरुद्धचा गोंधळ. ती मुख्यतः लहान बाळांत दिसते आणि बहुतेक मुलांची वाढत्या वयाबरोबर जाते.

मराठीत एक वेगळीच अडचण आहे. ‘पित्त’ हा एकच शब्द आपण छातीतल्या जळजळीलाही वापरतो आणि अंगावर उठणाऱ्या लाल गांधींनाही. त्यामुळे अंगावर पित्त उठले की जळजळीचे पथ्य सुरू होते: आंबट बंद, तिखट बंद, वांगे बंद. आमसुलाचे पाणी अंगाला लावतात, त्याने थोडा थंडावा मिळतो, बिघडत काही नाही. पण गांधींचा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. आणि त्या सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ येत-जात असतील, तर त्यामागे खाण्याची ॲलर्जी क्वचितच असते. अशा रुग्णांनी महिनोन् महिने वरण-भातावर काढलेले मी पाहिले आहेत. वजन उतरते, गांधी तशाच राहतात.

तिसरे उदाहरण औषधांचे. “मला पेनिसिलिन चालत नाही.” का? “लहानपणी एकदा पुरळ आले होते, आई सांगायची.” अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदावर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते, आणि त्यांची नीट तपासणी केली तर दहापैकी नऊ जणांना ते औषध बिनधोक देता येते. पुरळ त्या वेळच्या विषाणूचे असते, किंवा जुनी ॲलर्जी काळाबरोबर विरून गेलेली असते. पण कागदावरचा शिक्का पुसला जात नाही. मग न्यूमोनिया झाला की साधे, स्वस्त, नेमके औषध बाजूला ठेवून महागडे आणि जास्त दुष्परिणामांचे औषध द्यावे लागते. असा शिक्का तुमच्यावर असेल तर स्वतः प्रयोग करू नका. नेमके काय झाले होते ते आठवून डॉक्टरांना सांगा आणि तपासणीबद्दल विचारा.

टाळले म्हणजे सुरक्षित झालो?

‘शंका आहे ना, मग नकोच द्यायला’ हा आपला घरगुती न्याय. तो नेहमी खरा ठरत नाही, हे शेंगदाण्याने दाखवून दिले.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा दहापट दिसत होती. इस्रायलमध्ये बाळांना लहान वयातच शेंगदाण्याचा कुरमुऱ्यासारखा खाऊ देतात. इंग्लंडमध्ये त्या काळी तो टाळायला सांगत. मग लंडनमध्ये ज्यांना धोका जास्त अशा ६४० बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पूर्ण बंद. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात टाळणाऱ्या गटात सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्के. जगभरचा सल्ला त्यानंतर उलटा झाला.

आपल्या घरात दाण्याचा कूट भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात असतोच. वरचे अन्न सुरू झाल्यावर बाळालाही त्याची चव मिळू द्या. मात्र अख्खा दाणा लहान मुलांना देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि जी असूनही दिसत नाही

आता दुसरी बाजू. रोज सकाळी दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. विचारले तर उत्तर येते, “छे, ॲलर्जी कसली, मला सर्दीची सवयच आहे.” ताप नाही, अंगदुखी नाही, महिनोन् महिने चालणारी सर्दी ही साधी सर्दी नसते. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते.

बऱ्याचदा यामागे धूळकिडा असतो. डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढा. तो आपल्या कातडीच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो आणि गादी, उशी, रजई यांत राहतो. दमट हवा त्याला मानवते, म्हणून मुंबई-कोकणात त्याची चंगळ. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतली प्रथिने नाकात जातात. केळे आणि दही बंद करून तो गादीतून जात नाही. उशीला-गादीला घट्ट विणीचे आच्छादन, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुणे, जमेल तेव्हा कडक ऊन, कोरड्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, याचा उपयोग होतो. तरी घर निर्जंतुक होणार नाही, म्हणून औषधही लागते. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा नियमित वापरला तर चांगला गुण देतो. नाक चटकन मोकळे करणारे थेंब मात्र पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदते.

शेतात काम करणाऱ्या अनेकांची कथा याहून वाईट. चेहरा, पापण्या, मान, कोपराचा खळगा काळा पडतो, खाजतो, जाडा होतो. समज असा की ‘ऊन बाधले’. कारण बांधावर उभे असते: गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातले हे तण १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले आणि आता देशभर पसरले आहे. त्याचे हवेत उडणारे कण कातडीला त्रास देतात. कारण कळले तर पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला फडके, फुलोऱ्याआधी गवत उपटणे (ते काम दुसऱ्याने करावे) आणि योग्य औषध यांनी माणूस सावरतो. कळले नाही तर वर्षानुवर्षे मलमे बदलत राहतो.

पंपाची भीती

सर्वांत महाग पडते ती ही भीती. २०१९ च्या जागतिक आकडेवारीनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के. यामागचे एक मोठे कारण म्हणजे निदान उशिरा होते आणि पंप वापरला जात नाही. घरात ‘दमा’ शब्द उच्चारायचा नसतो, म्हणून ‘बाळदमा’, ‘कफ प्रकृती’, ‘थोडी ॲलर्जीक सर्दी’ असे म्हणत वर्षे जातात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून पंप लपवून ठेवणारे पालक मला भेटले आहेत.

पंपाची सवय लागत नाही. चष्मा लागतो तसा तो लागतो. काढला की कमी दिसते, हा चष्म्याचा दोष नव्हे. उलट हिशेब पाहा. धाप कमी करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे एक गोळी चाळीस फवाऱ्यांएवढी, आणि ती सगळ्या शरीरभर फिरून छातीत पोचते. रोज घ्यायच्या पंपात स्टिरॉइड असते, हे खरे. मुलांच्या उंचीवर त्याचा सुमारे एक सेंटिमीटर परिणाम होऊ शकतो, हेही मी लपवत नाही. पण अनियंत्रित दमा उंची, झोप, शाळा आणि कधी जीवही घेतो. बिननावाच्या ‘दम्याच्या पुडी’त तर काय आणि किती आहे हे देणाराही सांगत नाही. त्यात स्टिरॉइड मिसळलेले सापडते.

जिथे मिनिटे मोजायची

एक ॲलर्जी मात्र कधीच हलक्यात घेऊ नका. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, एखादे औषध घेतल्यावर किंवा काही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावरची ॲलर्जी. यावर जीव वाचवणारे औषध एकच: मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, लगेच. खाज कमी करणारी गोळी किंवा इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे झोपवा, पाय उंच ठेवा (धाप जास्त असेल तर टेकून बसवा), चालवत नेऊ नका, जवळच्या दवाखान्यात न्या. बरे वाटले तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहा, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

तुम्ही काय कराल?

• दोन आठवडे वही ठेवा: काय झाले, किती वाजता, त्याआधी काय खाल्ले, कुठे होतात. ही वही कोणत्याही पॅनेलपेक्षा जास्त सांगते.

• मुलाचा कोणताही मुख्य पदार्थ महिन्याहून जास्त बंद असेल, तर तो खरेच बंद हवा का, हे डॉक्टरांना विचारा. पूर्वी तीव्र त्रास झाला असेल तर घरी ‘खाऊन पाहू’ करू नका.

• महिन्याभराहून जास्त शिंका, किंवा वारंवार रात्रीचा खोकला असेल तर पथ्य नको, तपासणी करून घ्या.

• ज्याची ॲलर्जी सिद्ध झाली आहे त्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा. जी सिद्ध नाही तिची नोंद कागदावर करू देऊ नका.

आम्हा डॉक्टरांचाही यात दोष आहे. गर्दीच्या ओपीडीत ‘ॲलर्जी आहे’ म्हणून दोन मिनिटांत गोळी लिहून देणे सोपे असते. कशाची, हे शोधायला वेळ लागतो. तो वेळ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? तिची हकिकत दोनदा नीट ऐकली. त्या चौदा पदार्थांपैकी एकाही पदार्थाने तिला कधी खाल्ल्यावर लगेच त्रास झाला नव्हता. कातडीच्या तपासणीत धूळकिडा ठळकपणे निघाला. दूध, अंडे, पोळी एकेक करून माझ्या देखरेखीखाली परत सुरू केले. काहीही झाले नाही. पंप कसा ओढायचा हे आजीलाच शिकवले, कारण सकाळ-संध्याकाळ तीच तिच्याजवळ असते. चार महिन्यांनी आली तेव्हा वजन सव्वा किलोने वाढले होते. आजी म्हणाली, “डॉक्टर, आता पोर रात्रभर झोपते. आणि आम्हीपण.”